प्राणायाम, हृदयगतीचे वैविध्य व स्वायत्त चेतासंस्था : एक चिकित्सोपयोगी विवेचन

प्रास्ताविक

रुग्णाच्या मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहणे हे वैद्याचे नित्यकर्म होय. या नित्यकर्मात एक गोष्ट आपल्या बोटांखालून रोज जाते, परंतु तिच्याकडे लक्ष मात्र क्वचितच जाते. निरोगी मनुष्याची नाडी घड्याळाच्या लंबकाप्रमाणे अगदी समान अंतराने पडत नाही. श्वास आत घेताना ती किंचित जलद होते आणि बाहेर सोडताना किंचित मंदावते. तरुण, निरोगी व विश्रांत व्यक्तीत हा फरक बोटांना स्पष्ट जाणवतो. वार्धक्यात तो कमी होत जातो आणि दीर्घकालीन मधुमेहात पुष्कळदा जवळजवळ नाहीसा होतो. दोन लागोपाठच्या हृदयस्पंदनांमधील अंतरात होणाऱ्या या चढउताराला आधुनिक वैद्यकात 'हार्ट रेट व्हेरिएबिलिटी', संक्षेपाने एचआरव्ही, असे म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही त्यास 'गतिवैविध्य' असे म्हणू. तसेच 'नाडी' हा शब्द येथे सर्वत्र मनगटातील धमनीचे स्पंदन याच अर्थाने वापरला आहे, हे प्रारंभीच नमूद करतो.

हा विषय केवळ ज्ञानवर्धनासाठी निवडलेला नाही. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला आंतरराष्ट्रीय योगदिन साजरा होतो. त्या सुमारास भडगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी व आसपासच्या खेड्यांतही योगशिबिरे भरतात. दुसरीकडे गतिवैविध्य दाखवणारी मनगटी घड्याळे व मोबाइल आता गिरणाकाठच्या केळीबागायतदाराच्या हातीही आली आहेत. पन्नाशी उलटलेला, दहा-बारा वर्षांचा मधुमेही, रक्तदाबाची गोळी चालू असलेला रुग्ण तीन आठवड्यांचे शिबिर करून येतो, घड्याळातील आकडा वाढल्याचे दाखवतो आणि विचारतो, 'डॉक्टरसाहेब, आता गोळी बंद करू का?' अशा रुग्णास काय उत्तर द्यावे, हे ठरवण्यासाठी त्या आकड्याचा नेमका अर्थ समजून घेणे आपणास अगत्याचे आहे.

खान्देशाशी जोडलेला इतिहास

योगक्रियांचे प्रयोगशाळेत मोजमाप करण्याची परंपरा महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्या प्रवर्तकाचा आपल्या खान्देशाशी निकटचा संबंध आहे. पारोळ्यापलीकडे असलेल्या अमळनेर येथे खान्देश एज्युकेशन सोसायटीच्या कार्यात जगन्नाथ गणेश गुणे नावाचे तरुण अध्यापक होते. १९१६ साली ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे हेच गुणे स्वामी कुवलयानंद या नावाने जगभर ओळखले गेले. बडोद्याच्या प्रा. माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामविद्येचे शिक्षण घेतले होते, तर नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी हे त्यांचे योगगुरू. गुरूंनी शिकवलेल्या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांचा अभ्यास केला. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक त्यांनी सुरू केले. नौलीच्या वेळी आतड्यात बाहेरील हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे दाबमापकाने दाखवून त्यांनी त्या निर्वातास आपल्या गुरूंचे नाव दिले.

कुवलयानंदांच्या कार्यातील एक गोष्ट आजही लक्षात घेण्याजोगी आहे. प्राणायामाने शरीरास भरपूर जादा प्राणवायू मिळतो, ही समजूत त्या काळीही रूढ होती. ती त्यांनी स्वीकारली नाही. श्वासाच्या वायूंचे मापन करून, प्राणायामाचे खरे मूल्य प्राणवायूच्या प्रमाणात शोधू नये, चेतासंस्थेवरील परिणामात शोधावे, असा त्यांचा अभिप्राय होता. योगावर नितांत श्रद्धा असूनही, योगाच्या बाजूने केलेले परंतु मापनास न टिकणारे विधान त्यांनी बाजूस सारले. हीच कसोटी आपण गतिवैविध्याच्या बाबतीत लावावयाची आहे.

हृदय थांबवण्याच्या दाव्याची परीक्षा

हृदयावर योग्यांचे स्वामित्व असते, ते इच्छेनुसार हृदय थांबवू शकतात, असा दावा फार जुना आहे. १९३५ साली फ्रान्सच्या तेरेझ ब्रॉस या हृदयविशारद महिला वाहून नेण्याजोगे ईसीजी यंत्र घेऊन भारतात आल्या आणि त्यांनी योगाभ्यासकांचे आलेख घेतले. त्यानंतर वेंगर, बागची व दिल्लीचे आनंद या तीन संशोधकांनी हृदयावर नियंत्रण असल्याचे सांगणाऱ्या चार अभ्यासकांची तपासणी करून १९६१ साली 'सर्क्युलेशन' या मासिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुंभक करून, कंठ बंद ठेवून, छाती व पोटाचे स्नायू ताठ केले असता मनगटावरील नाडी बोटाला लागेनाशी झाली. स्नायूंच्या आवाजामुळे हृदयाचे ध्वनीही ऐकू येईनासे झाले. ईसीजीवर मात्र हृदयाची स्पंदने चालूच होती. छातीतील दाब वाढल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त अडत होते, इतकेच. एका अभ्यासकाने मात्र आपल्या हृदयाची गती खरोखरच लक्षणीयरीत्या मंद करून दाखवली.

या प्रयोगातून वैद्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी की, बोटास जे जाणवते आणि हृदयात जे घडते त्यांत अंतर पडू शकते. सबब, नाडीपरीक्षेस आलेखाची जोड देण्यात कमीपणा नाही. दुसरी अशी की, हृदय थांबवणे खोटे ठरले तरी हृदयाची गती मंद करणे खरे ठरले. त्यामागे कोणती यंत्रणा आहे, ते आता पाहू.

शारीरक्रिया

हृदयातील सायनस गाठीस चेतातंतूंचा कोणताही आदेश मिळाला नाही, तर ती स्वतःच्या बळावर मिनिटास सुमारे शंभर वेळा ठोके देते. विश्रांतीत आपली नाडी सत्तरच्या आसपास असते, याचे कारण मेंदूच्या मूळभागातून निघणारी व्हेगस ही चेता तिला सतत आवर घालत असते. प्रत्यारोपित हृदयाचे व्हेगसशी असलेले नाते शस्त्रक्रियेत तुटते. म्हणून त्याची गती विश्रांतीतही नव्वद ते एकशे दहाच्या घरात राहते आणि श्वासाबरोबर होणारा चढउतार जवळजवळ दिसत नाही.

व्हेगस ही परानुकंपी चेतासंस्थेची मुख्य चेता होय. तिच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे द्रव्य स्रवते. व्हेगसला उद्दीप्त केल्यास हृदय मंदावते ते एका रासायनिक द्रव्यामुळे, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर सिद्ध केले. ॲसिटिलकोलिनचा परिणाम एक-दोन ठोक्यांत होतो व तितक्याच त्वरेने ओसरतो. याउलट अनुकंपी चेतासंस्थेचा परिणाम सुरू होण्यास व ओसरण्यास काही सेकंद लागतात. श्वास आत घेताना मेंदूतील श्वसनकेंद्र व फुप्फुसांच्या ताणाच्या संवेदना व्हेगसचा आवर क्षणभर सैल करतात, म्हणून नाडी जलद होते. उच्छ्वासाच्या वेळी आवर पूर्ववत होतो व नाडी मंदावते. श्वासागणिक होणारा हा बदल व्हेगसच घडवू शकते, कारण तितकी चपळाई अनुकंपी चेतासंस्थेत नाही. श्वासाबरोबर होणारा हा बदल १७३३ साली स्टीफन हेल्स यांनी घोड्यात पाहिला होता, तर कार्ल लुडविग यांनी १८४७ साली त्याचा आलेख काढला.

यासोबत दुसरी एक यंत्रणा कार्य करते. मानेतील व महाधमनीतील दाबग्राही संवेदके रक्तदाब वाढला की हृदय मंद करतात व दाब उतरला की जलद करतात. या प्रतिक्षेपाचे एक आवर्तन सुमारे दहा सेकंदांचे असते. मनुष्य मिनिटास सहा श्वास घेऊ लागला, म्हणजे पाच सेकंद पूरक व पाच सेकंद रेचक, तर श्वासाचे आवर्तनही दहा सेकंदांचे होते. दोन्ही आवर्तने एकमेकांत मिसळतात. झोका आपल्या लयीत असताना योग्य क्षणी दिलेला हलका हात जसा त्याला उंच नेतो, तसा नाडीतील चढउतार या लयीत सर्वांत मोठा होतो. इटलीतील बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २००१ साली २३ निरोगी व्यक्तींवर दाखवले की, ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा बौद्ध मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटास सहाच्या जवळ येतो आणि दाबग्राही प्रतिक्षेप अधिक संवेदनक्षम होतो. आपल्याकडील ओंकार, भ्रामरी, दीर्घ स्वरातील स्तोत्रपठण यांतही उच्छ्वास असाच लांबतो.

यंत्राचा आकडा कसा वाचावा

१९९६ साली युरोप व अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांच्या संयुक्त समितीने गतिवैविध्याच्या मापनाचे निकष निश्चित केले. त्यांपैकी तीन गोष्टी आपणास पुरेशा आहेत. एसडीएनएन हा एकूण चढउताराचा आकडा. आरएमएसएसडी हा लागोपाठच्या ठोक्यांतील फरकाचा आकडा असून तो प्राधान्याने व्हेगसचे कार्य दाखवतो. तिसरी गोष्ट वारंवारितेच्या पट्ट्यांची. ०.१५ ते ०.४० हर्ट्झ हा उच्च पट्टा व ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ हा निम्न पट्टा. पुष्कळ यंत्रे उच्च पट्टा म्हणजे परानुकंपी, निम्न पट्टा म्हणजे अनुकंपी, आणि दोहोंचे गुणोत्तर म्हणजे ताण, असे सरसकट छापून देतात.

येथेच मोठी गफलत होते. मिनिटास पंधरा श्वास म्हणजे ०.२५ हर्ट्झ, हे उच्च पट्ट्यात बसते. मिनिटास सहा श्वास म्हणजे ०.१० हर्ट्झ, हे निम्न पट्ट्यात जाते. मिनिटास नऊपेक्षा कमी श्वास घेणाऱ्याचा व्हेगसजन्य सारा चढउतार यंत्र निम्न पट्ट्यात मोजते आणि शांतपणे अनुलोम-विलोम करणाऱ्या साधकाच्या अहवालात 'अनुकंपी उद्दीपन, तीव्र ताण' असा शेरा येतो. याच्या उलट चूकही घडते. मंद श्वासाच्या वेळी एसडीएनएन दुप्पट झालेला पाहून 'चेतासंस्था सुधारली' असा निर्वाळा दिला जातो. प्रत्यक्षात श्वासाची लय बदलली, एवढेच त्या क्षणी सिद्ध झालेले असते. योगाचा अभ्यास कधीही न केलेला मनुष्यही मिनिटास सहा श्वास घेऊ लागला, तर त्याचा आकडा त्याच मिनिटात वाढतो.

म्हणून आमचे प्रतिपादन असे की, अभ्यास करीत असताना दिसणारा बदल आणि अभ्यासाने कालांतराने झालेला बदल या दोन भिन्न गोष्टी मानाव्यात. दुसऱ्या प्रकारचा बदल पाहावयाचा तर रुग्ण विश्रांत असावा, त्याचा श्वास नैसर्गिक असावा, श्वासांची संख्या नोंदवलेली असावी, आणि अभ्यासापूर्वीचा व आठ-बारा आठवड्यांनंतरचा असे दोन्ही आलेख एकाच वेळी, एकाच स्थितीत घेतलेले असावेत.

सर्व योगक्रिया एकाच दिशेने कार्य करतात, असेही समजू नये. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कपालभातीनंतर उच्च पट्टा घटला व निम्न पट्टा वाढला, तर नाडीशुद्धीनंतर लक्षणीय फरक आढळला नाही. कपालभाती ही उत्तेजक क्रिया आहे, हे साधकांच्या अनुभवासही धरून आहे. 'योगाने मन शांत होते' या सर्वसाधारण वाक्यावर विसंबून हृदयरुग्णास जोरकस कपालभाती सांगणे म्हणूनच अयोग्य होय.

पुरावा कोठवर नेतो

गतिवैविध्य कमी असणे हे हृदयरुग्णात वाईट लक्षण आहे, हे निर्विवाद आहे. क्लायगर व सहकाऱ्यांनी १९८७ साली हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांचे चोवीस तासांचे आलेख तपासले. ज्यांचा एसडीएनएन ५० मिलिसेकंदांहून कमी होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० हून अधिक असणाऱ्यांच्या मानाने ५.३ पट आढळला. यावरून आकडा वाढवला की आयुष्य वाढते, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. १९८९ साली अमेरिकेत झालेल्या 'कास्ट' या चाचणीत झटक्यानंतरचे अवेळी ठोके औषधाने कमी करण्यात आले. ठोके कमी झाले, परंतु मृत्यू वाढले. लक्षण सुधारणे आणि रुग्ण सुधारणे यांत भेद आहे, हा तो धडा.

योग व गतिवैविध्य यांवरील संशोधन विपुल आहे, परंतु फारसे भक्कम नाही. २०१६ साली त्यागी व कोहेन यांनी ५९ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतील बहुतेक भारतात, थोड्या व निरोगी पुरुष साधकांवर, प्रयोगशाळेतील एकाच बैठकीत झालेले होते. त्यापूर्वी २०१५ साली पोझाड्स्की व सहकाऱ्यांनी केवळ यादृच्छिक चाचण्या घेऊन परीक्षण केले, तेव्हा ठाम पुरावा हाती लागला नाही. रुग्णांवरील सर्वांत मोठी चाचणी आपल्याच देशात झाली. 'योग-केअर' या नावाने भारतातील २४ रुग्णालयांत झटक्यानंतरच्या ३,९५९ रुग्णांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात वगैरे घटना योगगटात ६.७ टक्के व तुलनागटात ७.४ टक्के होत्या. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध ठरला नाही. मात्र योगगटातील रुग्णांना स्वतःचे आरोग्य अधिक चांगले वाटले आणि झटक्यापूर्वीची कामे ते अधिक प्रमाणात करू लागले.

शेतावर जाणाऱ्या रुग्णास पुन्हा आपले काम करता येणे, हा लाभ लहान नाही. तो सांगण्यास संकोच करू नये. त्यापलीकडचे आश्वासन मात्र आपल्या तोंडून जाऊ नये.

आयुर्वेदीय विचार

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात प्राणवायूचे स्थान मूर्धा सांगितले असून तो उर व कंठ यांत संचार करतो आणि बुद्धी, हृदय, इंद्रिये व चित्त यांना धारण करतो, असे वर्णन आहे. व्यानवायू हृदयस्थ असून सर्व देहात वेगाने संचरतो. मस्तकस्थ प्राणाने हृदयाचे धारण करावे आणि हृदयस्थ व्यानाने देहात संचार करावा, ही कल्पना गतिवैविध्याच्या संदर्भात मननीय आहे. हठयोगप्रदीपिकेतही वायू व चित्त यांचे चांचल्य परस्परांवर अवलंबून असल्याचे प्रतिपादले आहे.

तथापि प्राण म्हणजेच व्हेगस, असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. मुंबईचे डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७ साली आपल्या ग्रंथात कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस चेता, असे प्रतिपादन केले. ग्रंथ गाजला, पण अशा समीकरणाने ना शारीराचे ज्ञान वाढते, ना योगाचे. त्याचप्रमाणे काही यंत्रे गतिवैविध्याच्या आकड्यांवरून वात-पित्त-कफ यांचे टक्के छापून देतात. शार्ङ्गधराने नाडीची गती जळू, सर्प, बेडूक, हंस, पारवा इत्यादींच्या चालीवरून वर्णिली आहे. त्यात वेगाबरोबर स्पर्श, बल व आकार यांचा विचार आहे. केवळ दोन ठोक्यांमधील काळ मोजणाऱ्या आकड्यातून तो सर्व विचार व्यक्त होणे शक्य नाही. यंत्रविक्रेता दोषांचे टक्के दाखवू लागला, तर ते कोणत्या गणिताने काढले, हे त्यास अवश्य विचारावे.

शार्ङ्गधराने थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक म्हटली आहे. येथे विवेक करावा लागतो. श्वासाबरोबर नियमाने जलद-मंद होणारी नाडी प्राकृत होय. मधूनच ठोका चुकणारी, किंवा श्वासाशी कसलाही संबंध न ठेवता सर्वथा अनियमित चालणारी नाडी ही वैकृत. दुसऱ्या प्रकारात अलिंद-कंपनाची शंका घेऊन तत्काळ ईसीजी काढावा. अशा रुग्णात यंत्र गतिवैविध्य फार उत्तम असल्याचे दाखवते, कारण ठोक्यांतील अंतर खूपच कमी-जास्त असते. तो आकडा पाहून समाधान मानले, तर पक्षाघाताचा धोका असलेला रुग्ण तसाच घरी जाईल.

चिकित्सालयात करण्याजोगी परीक्षा

महागड्या यंत्राशिवायही स्वायत्त चेतासंस्थेची प्राथमिक परीक्षा होऊ शकते. एडिंबरोचे युइंग व क्लार्क यांनी मधुमेही रुग्णांसाठी रूढ केलेली दीर्घश्वसन परीक्षा आपल्या साध्या ईसीजी यंत्रावर करता येते. कृती अशी :

१. रुग्णास दहा मिनिटे शांत झोपवावे. त्यापूर्वी दोन तास चहा, तंबाखू, मिश्री वर्ज्य. उन्हातून चालत आलेल्या रुग्णाची परीक्षा लगेच करू नये. पाणी देऊन विश्रांती द्यावी.

२. पाच सेकंद पूरक व पाच सेकंद रेचक, याप्रमाणे एक मिनिटात सहा श्वास घ्यावयास सांगावे. आपण हाताने खूण करावी. कुंभक करू देऊ नये.

३. सेकंदास २५ मिलिमीटर या वेगाने पूर्ण मिनिटाचा आलेख घ्यावा.

४. प्रत्येक श्वासात दोन आर शिखरांमधील सर्वांत लहान व सर्वांत मोठे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. १,५०० भागिले अंतर म्हणजे मिनिटाची गती. उदाहरणार्थ, लहान अंतर २० मिलिमीटर म्हणजे गती ७५, मोठे अंतर २५ मिलिमीटर म्हणजे गती ६०, फरक १५.

५. सहा श्वासांतील फरकांची सरासरी काढावी. १५ वा अधिक प्राकृत, ११ ते १४ सीमेवर, १० वा कमी असल्यास विकृत. वृद्धांत हा फरक स्वभावतःच कमी असतो, हे ध्यानी ठेवावे.

यासोबत झोपून व उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरल्यास तो रुग्ण शवासनातून एकदम उठल्यास पडू शकतो. अशा मधुमेही रुग्णास हृदयविकाराचा झटका वेदनेशिवायही येऊ शकतो. म्हणून केवळ दम लागणे, घाम सुटणे किंवा अकारण ग्लानी या तक्रारींवरही ईसीजी काढण्यास विलंब करू नये.

आरंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. घड्याळातील आकडा गोळी बंद करण्याचा आधार होऊ शकत नाही. रुग्णाने अभ्यास चालू ठेवावा, रक्तदाब घरी वा दवाखान्यात नोंदवत राहावे, आणि दाब सातत्याने उतरलेला दिसल्यास गोळी देणाऱ्या चिकित्सकानेच मात्रा हळूहळू कमी करावी. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही औषधे एकाएकी थांबवल्यास हृच्छूल वा झटका उद्भवू शकतो. क्लोनिडिन एकदम थांबवल्यास रक्तदाब उसळतो.

कोणास काय सांगावे

रक्तदाब व स्थिर हृदयरोग असणाऱ्यांना सुखासनात वा खुर्चीवर बसून मिनिटास सहा ते आठ श्वासांचा अनुलोम-विलोम, भ्रामरी, ओंकार व शवासन हे पथ्यकर होय. प्रारंभी पाच मिनिटे, पुढे पंधरा मिनिटांपर्यंत. श्वास ओढून-ताणून लांबवू नये. चक्कर आल्यास थांबावे. अनियंत्रित रक्तदाब, नुकताच आलेला झटका, काचबिंदू, अंतर्गळ, गर्भावस्था व नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांत कपालभाती, भस्त्रिका व बंधयुक्त कुंभक वर्ज्य. हठयोगप्रदीपिकेनेही सिंह, हत्ती, वाघ यांस जसे हळूहळू वश करावे तसा वायू वश करावा आणि अयुक्त प्राणायामाने उचकी, श्वास, कास, शिर-कर्ण-नेत्रवेदना उद्भवतात, असा इशारा दिला आहे. शिबिरात शंभर जणांना एकच क्रम देताना हा इशारा विसरता कामा नये.

औषधविक्रेत्या बांधवांसाठी

गतिवैविध्यावर औषधांचा परिणाम योगाभ्यासाहून पुष्कळदा अधिक असतो. कनकासवातील धत्तुर व्हेगसचा हृदयावरील परिणाम रोखतो. त्यामुळे नाडी जलद व एकसुरी होते. श्वासरोगात वापरली जाणारी सोम वनस्पती, म्हणजे एफिड्रा, अनुकंपी चेतासंस्थेस उत्तेजित करते. सर्पगंधेमुळे नाडी मंदावते व रक्तदाब उतरतो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मांडून तिला जागतिक मान्यता मिळवून दिली. तिच्या दीर्घ सेवनाने विषण्णता येऊ शकते, हेही पुढे निदर्शनास आले. वत्सनाभयुक्त कल्प अशोधित वा अतिमात्र घेतल्यास नाडी घातक रीतीने अनियमित होते.

म्हणून रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या ग्राहकाने सर्पगंधायुक्त वटी मागितल्यास चिठ्ठी पाहिल्यावाचून देऊ नये. हृदयरुग्णास कनकासव वा सोमकल्प देताना वैद्यास विचारावे. ग्राहक नेहमीची गोळी या महिन्यात नेण्यास आला नाही, तर 'योगाने बरे वाटते म्हणून सोडली काय' हे आपुलकीने विचारावे. गावात ही गोष्ट चिकित्सकाच्या आधी औषधविक्रेत्यासच कळते.

उपसंहार

मंद श्वासाने व्हेगसचा प्रभाव वाढतो व दाबग्राही प्रतिक्षेप सुधारतो, हे शारीरक्रियेच्या आधारे सांगता येते. नियमित अभ्यासाने रुग्णाचे स्वास्थ्य व कार्यक्षमता वाढते, हेही सांगता येते. एका बैठकीतील आकड्यावरून रोगनिवृत्ती सांगता येत नाही. आपल्या सभासदांनी दीर्घकालीन मधुमेही रुग्णांत उपरोक्त दीर्घश्वसन परीक्षा अभ्यासापूर्वी व बारा आठवड्यांनंतर करून, चालू औषधांसह नोंदवहीत लिहून ठेवावी. भडगाव, पाचोरा, पारोळा, अमळनेर, चाळीसगाव येथील नोंदी एका नमुन्यात ठेवल्या गेल्यास संघटनेच्या बैठकीत त्यांवर साधार चर्चा होऊ शकेल. नोंदीचा तक्ता सोपा असावा : वय, मधुमेहाची वर्षे, औषधे, विश्रांतीतील श्वाससंख्या, नाडी, झोपून व उभे राहून रक्तदाब आणि दीर्घश्वसनातील फरक.